बोट एकाचं, बघे एकोणतीस

तासिका ३५ मिनिटांची, वर्गात मुलं ३०. भिंतीवर ६५ इंची पडदा, ज्याला शाळेत कोणी ‘स्मार्ट बोर्ड’ म्हणतं, कोणी नुसतं ‘पॅनेल’. गुरुजी पडद्यावर वजाबाकी आणतात आणि एकेका मुलाला पुढे बोलावतात. मुलानं उठायचं, इतरांच्या पायांमधून वाट काढत पुढे यायचं, उत्तरावर बोट टेकवायचं, यंत्रातली टाळी ऐकायची आणि जागेवर जाऊन बसायचं. एवढ्याला एक मिनिट तरी लागतंच. तास संपेपर्यंत प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक मिनिट बोट लावणं आणि २९ मिनिटं दुसऱ्यांची बोटं बघणं येतं. त्याच ३० जणांना पाट्या काढायला सांगा, साध्या फळ्यावर एक गणित लिहा आणि दोन मिनिटांनी ‘पाट्या वर’ म्हणा. तीसच्या तीस उत्तरं एका नजरेत समोर येतात. या दोहोंतलं ‘इंटरॅक्टिव्ह’ कोणतं, याचा विचार खरेदीच्या वेळी फारसा होत नाही.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळांत ही पॅनेलं आता नवलाची राहिलेली नाहीत. काही सरकारी योजनेतून आली, काही कंपन्यांच्या सामाजिक निधीतून. बरीच मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळांनी गणपतीत किंवा शिमग्याला गावी आल्यावर दिली. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण प्राथमिक वर्गात, त्यातही कोकणातल्या कमी पटाच्या, एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसणाऱ्या शाळेत, हे यंत्र शिकवण्याला मदत करण्यापेक्षा अडवतंच जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची कारणं अर्धी शिकण्याच्या रीतीत आहेत आणि अर्धी इथल्या हवेत.

एक गणित घेऊ. ५०३ वजा २६८. बरोबर उत्तर २३५. एका मुलाच्या पाटीवर ३६५ येतं. त्यानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला : ८ मधून ३, ६ मधून ०, ५ मधून २. वर कोण आणि खाली कोण याचा विचारच केलेला नाही. दुसऱ्याच्या पाटीवर १४५ येतं. या मुलीला हातचा घेता येतो, पण मधलं शून्य बघून ती गोंधळली आणि एककासाठीही शतकाकडून घेतलं, दशकासाठीही शतकाकडूनच घेतलं. दोघांची उत्तरं चूकच, पण दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. पहिल्याला सुट्या काड्या आणि दहाचे गठ्ठे हातात देऊन ‘तिघांतून आठ काढून दाखव’ म्हणावं लागतं. दुसरीला शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा आणि त्यातल्या एकीचे दहा सुटे करायला लावलं की शून्याचं कोडं सुटतं. पॅनेलवर चार पर्याय असतात. चुकीच्या पर्यायाला बोट लागलं की लाल फुली येते, ‘पुन्हा प्रयत्न कर’ असा गोड आवाज येतो आणि मूल दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवतं. न शिकताही चारांत एकदा टाळी मिळते. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये कोण कोणत्या पर्यायाशी चुकलं याची नोंद राहते, हे खरं. पण त्यासाठी प्रत्येक मूल स्वतःच्या नावानं आत जायला हवं, आणि एकाच पडद्यावर तीस मुलं असताना ते कोणी करत नाही. पाटीवरची चूक मात्र फुकट वाचता येते. ती वाचणं हीच गुरुजींची खरी विद्या.

हा अनुभव काही आपल्याकडचाच नाही. लंडनच्या माध्यमिक शाळांत मोठा खर्च करून असे फळे बसवले, त्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. उलट अभ्यासात मागे असलेल्या गटांत एकेकाला फळ्यापाशी बोलावण्यात पूर्ण वर्गाची गती मंदावते, असं निरीक्षण त्यात होतं. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०१५ च्या अहवालानुसार ज्या देशांनी शाळांत संगणक-तंत्रज्ञानावर भरपूर पैसा ओतला, तिथे वाचन, गणित आणि विज्ञानात डोळ्यांत भरेल अशी सुधारणा झाली नाही. पेरूमध्ये दहा लाखांहून अधिक लॅपटॉप वाटूनही मुलांचं शिकणं सुधारलं नाही, कारण ते शिकवण्याच्या पद्धतीत बसवलेच गेले नव्हते. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात हा दाखला आहे. आपण मात्र प्रत्येक जिल्ह्यात तोच धडा पहिल्यापासून गिरवतो आहोत.

आता मोजपट्टी घेऊ. ६५ इंची पॅनेल म्हणजे सुमारे १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच. मुलं लोंबकळू नयेत म्हणून ते जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर टांगतात. पहिलीतल्या मुलाचा हात उंच करून पोचतो साधारण १३५ ते १४० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे पडद्याच्या खालच्या निम्म्या भागावर. पुढे उभं राहिलेलं मूल नेमका तोच भाग पाठीनं झाकतं. पॅनेल खाली घेतलं तर पुढच्या ओळीतली डोकी आड येतात. शिवाय आठ बाय चार फुटांचा साधा फळा या पडद्याच्या अडीच पट मोठा. त्यावर गणिताची पहिली पायरी शेवटच्या पायरीपर्यंत दिसत राहते. पडद्यावर पान उलटलं की मागची पायरी गेली. मागे राहिलेल्या मुलाला नेमकी मागचीच पायरी हवी असते.

आपल्या शाळांत ‘तळफळे’ आहेत. वर्गाच्या भिंतीला खालच्या बाजूनं दोन फूट उंचीचा काळा पट्टा रंगवायचा, मुलांच्या हाताला येईल असा. वीस फूट लांबीच्या पट्ट्यावर दोन-दोन फुटांची जागा धरली तर दहा मुलं एकाच वेळी उभी राहून लिहितात. रंग दोन हातांना मिळून लिटरच्या आतबाहेर. (जांभ्या दगडाच्या भिंतीला ओल असेल तर हाही पट्टा पावसाळ्यात पापुद्रे टाकतो. तेव्हा आधी ओल बघा, मग रंग. गिलाव्याशिवाय नुसत्या चिऱ्यावर रंगवू नका.) सात-आठ पायऱ्यांचं गणित असो की ‘र’ची रूपं, ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘सुऱ्या’, हातानं लिहिताना मूल कुठे अडखळतं हे तळफळ्यावर दिसतं. पॅनेलवरच्या खेळात तयार अक्षर ओढून रिकाम्या चौकटीत टाकायचं असतं. त्यात अक्षर ओळखता येतं, पण काढायला येतं की नाही ते कळत नाही. देवनागरीत वेलांटी कुठून सुरू होऊन कुठे वळते, रफार कोणत्या अक्षरावर जातो हे बोटांच्या सवयीनं बसतं, आणि ओढून टाकण्यात ती सवय लागत नाही.

बहुवर्गाची अडचण आणखी वेगळी. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाच इयत्ता, दोन माणसं. गुरुजी दुसरीची उजळणी घेतात तेव्हा तिसरी मनात वाचते आणि चौथी वहीत स्वाध्याय सोडवते. अशी खोली चालते ती शांततेवर. पॅनेलला आवाज आहे आणि हलणारी चित्रं आहेत. दुसरीसाठी लावलेली चिऊताई चौथीही बघते, भागाकार वहीतच राहतो. मग व्यवहारात काय होतं? गुरुजींना पोषण आहाराची रोजची माहिती भरायची असते, शिक्षण विभागाच्या ‘सरल’ पोर्टलवर काहीतरी चढवायचं असतं, बाईंना प्रशिक्षणाला बोलावलेलं असतं. अशा वेळी सगळ्या इयत्तांना एकत्र बसवून व्हिडिओ लावला जातो. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही, पण मुलं सांभाळण्यासाठी केलेल्या सोयीला अध्यापन म्हणू नये. १९८७ च्या ‘खडू-फळा’ योजनेत फळ्याबरोबर किमान दोन शिक्षक आणि सर्व ऋतूंत वापरता येतील अशा दोन खोल्या मागितल्या होत्या. २०१९ मध्ये डिजिटल फळ्याची मोहीम आली, आधी माध्यमिक वर्गांसाठी; पुढे तो हट्ट प्राथमिकपर्यंत झिरपला. कौलं गळणाऱ्या आणि दुसरा शिक्षक कागदावरच असणाऱ्या शाळेत पॅनेल टांगताना त्या जुन्या योजनेचा क्रम आठवावासा वाटतो.

भाषेचा मुद्दा थोडक्यात. ‘माका कळूक नाय’ म्हणणाऱ्या मुलाला गुरुजी त्याच्याच बोलीतून पुन्हा सांगतात आणि हळूच प्रमाण भाषेवर आणतात. आगरी, कोळी, संगमेश्वरी, कातकरी घरांतल्या मुलांचंही तसंच. पॅनेलमधला आवाज न कळलेलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणतो.

आता हवेकडे वळू, कारण विक्रेता याबद्दल बोलत नाही. स्वस्तातल्या बहुतेक पॅनेलांत स्पर्श ओळखला जातो तो काचेतून नव्हे, चौकटीतून. चौकटीच्या दोन कडांना डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे बारीक दिवे असतात आणि समोरच्या दोन कडांना तो प्रकाश टिपणारे सेन्सर. बोट मध्ये आलं की किरण तुटतात आणि बोटाची जागा कळते. यंत्राला बोट आणि किडा यांतला फरक समजेलच असं नाही. पावसाळ्यात उजेडाला आलेले किडे चौकटीच्या कडेला बसतात आणि पडदा आपोआप पानं उलटू लागतो. खाऱ्या वाऱ्यानं आलेला चिकट थर आणि खडूची धूळ कडेच्या पट्टीत साचली की ठरावीक पट्ट्यात स्पर्श मरतो. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट चौकटीवर पडलं तरी तेच. पट्टी कोरड्या मऊ फडक्यानं आठवड्यातून एकदा पुसावी लागते. पाणी मारून पुसलं तर चौकटीच्या फटीतून ओल आत जाते. पाठीमागची ऊब पालींना आवडते, आणि पॉवर सप्लायच्या दोन टोकांवर पाल आडवी झाली की तिचाही शेवट आणि बोर्डाचाही.

शाळा मेच्या सुरुवातीला बंद होते आणि जूनच्या मध्याला उघडते, ऐन मृगात. सहा आठवडे गार पडलेल्या यंत्रात दमट हवा शिरलेली असते. खारेपणामुळे सर्किटवरचं तांबं हिरवट पडतं, एचडीएमआय आणि यूएसबीच्या तोंडाशी पांढरी भुकटी येते. अशा स्थितीत पहिल्याच दिवशी बटण दाबलं की काही वेळा तिथेच कारभार आटोपतो. यावर उपाय आहे, पण तो माणसानं करायचा आहे. सुट्टीतही आठवड्यातून दोनदा अर्धा तास पॅनेल चालू ठेवायचं, म्हणजे आतली ऊब ओल हटवते. झाकण सुती कापडाचं घालायचं. प्लास्टिकचं घातलं तर घाम आतच राहतो.

टांगण्याची भिंत हा निराळाच विषय. ६५ इंची पॅनेलचं वजन ४० किलोच्या आसपास. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू ठोकून स्क्रू पिळला तर पहिल्या पावसाळ्यात भोक सैल होतं. भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागून लोखंडी पट्टी लावायला हवी, किंवा चाकांचा स्टँड हवा. आणि अर्थिंग? सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या शाळेत पावणेतीन-तीन मीटर खड्डा खणायचा म्हणजे कातळ फोडणं. म्हणून कित्येकदा अर्थिंगची हिरवी वायर कुठल्यातरी खिळ्याला बांधून सोडतात. ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून धातूच्या चौकटीला हात लावणारं सात वर्षांचं मूल डोळ्यांपुढे आणा. चौकटीला झिणझिण्या येत असतील तर ‘थोडंसं करंट मारतं’ असं म्हणून चालवून घेऊ नका. मल्टिमीटरनं सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमधला विजेचा दाब मोजा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर अर्थिंग तपासून घेईपर्यंत पॅनेल बंद. आणि काहीही असो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय मुलांना हात लावू देऊ नये.

विजेचा हिशेब तर साधा अंकगणिताचा आहे. पॅनेल २०० वॅट धरा. रोज तीन तास, महिन्याला २५ दिवस : १५ युनिट. बिल फार नाही. पण वाडीच्या टोकाला, लाइनच्या शेवटच्या खांबावर असलेल्या शाळेत जून ते सप्टेंबर वीज असेलच याची खात्री कोण देणार? फणसाची फांदी तारेवर पडली की फीडर गेला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, त्यानंतर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. मग इन्व्हर्टर घ्या म्हणतात. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर त्यातले हजारभरच वापरावेत, इन्व्हर्टरची घट वजा जाता साडेआठशे उरतात. चार तास चालेल, तेही बॅटरी नवी असताना. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बॅटरी बदलायची, किंमत पंधरा हजारांच्या आसपास. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान ठरलं आहे १०,००० रुपये. त्यातच खडू, रजिस्टरं, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. एक बॅटरी म्हणजे शाळेचं दीड वर्ष.

आतल्या सामग्रीचंही वय असतं. २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला, त्यामुळे त्याआधी पॅनेलमध्ये भरून दिलेले पहिलीचे धडे जुने झाले. नवे हवेत तर बहुधा परवान्याचं नूतनीकरण, म्हणजे पुन्हा पैसे. ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवरचं साहित्य फुकट आहे, पण पुस्तकातला क्यूआर कोड उघडायला रेंज लागते, आणि ती बऱ्याच वाड्यांत शाळेच्या पायरीवर नाहीतर पिंपळाच्या पारावर मिळते.

आणि ज्यासाठी पडदा लावायचा, ते पुष्कळदा खिडकीबाहेरच असतं. भरती-ओहोटीची सजीव चित्रफीत परिसर अभ्यासाच्या तासाला लावतात, शाळा खाडीपासून दोनशे पावलांवर असताना. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पाचवीला अपूर्णांक आहेतच. कालनिर्णयावरून तिथी घ्यायची, वेळ काढायची, धक्क्याच्या खांबावर खुणा करून मोठ्या माणसासोबत प्रत्यक्ष वेळ नोंदवायची. पंधरा दिवसांच्या नोंदी झाल्या की मुलंच सांगतात की ठोकताळा कधी जुळतो, कधी अर्ध्या तासानं चुकतो. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांच्या उंचीतला फरक खांबावरच दिसतो. घरातला बाबा किंवा आजोबा होडीवर जाणारा असेल तर त्या दिवशी त्या मुलाचा वर्गात मान वाढतो. चित्रफितीत भरती कोणाचीच नसते.

दुसऱ्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र बळकट आहे. पट टिकवायचा आहे. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वाडीत येते, आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा प्रस्ताव २०२३ पासून डोक्यावर आहे. अशा वेळी ‘आमच्याकडे स्मार्ट बोर्ड आहे’ हे पालकांना सांगता येतं. ज्या शाळेचं अस्तित्वच टांगणीला लागलं आहे तिला ‘दिखावा करू नका’ असं लांबून सुनावणं सोपं आहे. पण हे जाहिरातीचं काम आहे, शिकवण्याचं नव्हे, एवढं निदान आपसात मान्य करू. आणि जाहिरात म्हणूनही पडदा फार टिकत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तो बंद पडला की त्याच पालकांना काळी काच दिसते. तिसरीतली पोर आजीला आलेलं पत्र किंवा रेशनच्या दुकानावरची नोटीस घडाघडा वाचून दाखवते, ती जाहिरात वाडीत जास्त दूर जाते. ‘संगणक यायला हवा’ ही मागणीही रास्त, पण पडद्यावर बोट टेकवणं म्हणजे संगणक शिकणं नव्हे. त्यासाठी पाचवीनंतर चार साधे संगणक आणि त्यावर मराठी टंकलेखनाचा सराव जास्त उपयोगी.

पॅनेल कुठे शोभतं? नववी-दहावीच्या वर्गात, जिथे एका खोलीत एकच इयत्ता बसते आणि हृदयाच्या झडपा किंवा विद्युत जनित्र फिरताना दाखवायचं असतं. कमी दिसणाऱ्या मुलासाठी अक्षर मोठं करायला. इंग्रजीचे उच्चार ऐकवायला, अर्थात त्याला साधा स्पीकरही पुरतो.

तेव्हा येत्या गणपतीत मंडळ देणगीचा विषय काढेल, त्या बैठकीत आधी कौलं, अर्थिंग आणि वाचायची पुस्तकं यांची यादी पुढे ठेवावी. तरीही पॅनेलच द्यायचं ठरलं, तर शाळा व्यवस्थापन समितीनं ते घेण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात : पाच वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च कोण करणार, वीज पडून किंवा विजेचा दाब वाढून झालेली हानी हमीत येते का, कारण बहुधा ती वगळलेली असते, बिघाड झाल्यास तंत्रज्ञ रत्नागिरी-कुडाळहून येणार की पुण्याहून, आणि किती दिवसांत, आणि चौथ्या वर्षीच्या बॅटरीचे पैसे आत्ताच बँकेत ठेवणार का. सुट्टीत शाळेची किल्ली कोणाकडे राहणार आणि आठवड्यातून दोनदा येऊन अर्धा तास पॅनेल कोण चालू करणार, त्या माणसाचं नाव ठरावात लिहावं, आणि त्याची सही घ्यावी.